मालमोटारीच्या तेलगाळणीचे स्थलांतर : केव्हा करावे व कसे करावे

डिझेल एंजिनातील वंगण तेल वेळच्या वेळी बदलणे अगत्याचे आहे, हे मालमोटार बाळगणारे बहुतेक शेतकरी जाणतात. तरीही तेल नवे भरले जाते आणि गाळणी मात्र जुनीच राहते, असा प्रकार खेडोपाडी सर्रास आढळून येतो. याचे कारण नेहमीच आळस असते असे नव्हे. पुष्कळदा गाळणीची जागा हेच त्याचे कारण असते. जेथे हात पोचत नाही आणि पाना फिरत नाही, तेथील काम पुढच्या खेपेवर ढकलण्याकडे माणसाचा कल होतो. परिणामी काजळीने भरलेल्या जुन्या गाळणीतून नवे तेल फिरू लागते आणि तेलावर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो.

टाटांच्या काही मालमोटारींत कमिन्सच्या बी मालिकेतील सहा सिलिंडरांचे, 5.9 लिटरचे एंजिन आहे. त्याची तेलगाळणी निकास नळीच्या बाजूस, टर्बोच्या खालच्या अंगास असते. एंजिन गरम असताना तेथे हात घातला तर मनगट भाजते. थंड झाल्यावर घातला तर तेल पुरते निथळत नाही. गाळणी सैल होताच तेल कोपरापर्यंत ओघळते. हेच एंजिन अमेरिकेत डॉज पिकअप गाड्यांना 1989 पासून बसविले जात असे आणि तेथील कित्येक मालक पुढील चाकाच्या कोनाड्यातून हात घालून गाळणी काढतात. तेव्हा ही अडचण केवळ आपल्याकडील नाही.

गाळणी एंजिनापासून दूर, चासीच्या सोयीच्या जागी नेणे हा यावरील एक उपाय होय. मूळ गाळणीच्या बैठकीवर एक जोडतुकडा बसवावयाचा, त्यातून दोन नळ्या काढावयाच्या आणि त्यांच्या दुसऱ्या टोकांस नवी बैठक जोडून तीवर गाळणी चढवावयाची, एवढीच ही रचना आहे. रचना साधी असली तरी तिच्यातील जोखीम मात्र साधी नाही.

अशा एंजिनात पंपाने ढकललेले तेल गाळणीतून जाते आणि मगच क्रँकच्या बेअरिंगांस व टर्बोस पोचते. म्हणजे गाळणी ही त्या वाटेवरील चौकीच होय. मूळ रचनेत ही चौकी एंजिनाच्या अंगालाच चिकटलेली असल्याने मध्ये फुटण्यासारखे काही नसते. स्थलांतरानंतर मात्र एंजिनाचे आयुष्य दोन नळ्यांवर अवलंबून राहते. पंप मिनिटास 40 लिटर तेल ढकलीत असेल आणि चेंबरमध्ये 12 लिटर तेल असेल, तर नळी फुटल्यावर चेंबर रिकामे होण्यास सुमारे 18 सेकंद पुरतात. रात्री कांदा भरून घाट चढणाऱ्या चालकाचे लक्ष तेवढ्या अवधीत दाबमापकाकडे जाईलच असे नाही. शिवाय उडालेले तेल तापलेल्या निकास नळीवर पडल्यास आगीचेही भय असते.

म्हणून नळ्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. पाण्याची वा डिझेलची साधी रबरी नळी क्लिपने आवळून बसविणे सर्वथा अयोग्य होय. गरम तेलासाठी बनविलेली, आत तारेची जाळी असलेली आणि दोन्ही टोके यंत्रावर दाबून बसविलेली नळीच घ्यावी. पोकळी एंजिनावरील मूळ तेलमार्गापेक्षा अरुंद नसावी. थंड, घट्ट तेलाच्या बाबतीत 16 मि. मी. ऐवजी 12 मि. मी. पोकळीची नळी वापरल्यास अवरोध तिपटीहून अधिक होतो आणि 8 मि. मी. ची वापरल्यास सोळापट होतो. हिवाळ्यातील पहाटे एंजिन सुरू होताना हा फरक बेअरिंगांना जाणवतो. नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. पण एंजिन रबरी पायांवर हलत असते व चासी हलत नाही, याचा विचार करून थोडी ढील अवश्य सोडावी. निकास नळी व टर्बो यांपासून त्या निदान वीतभर दूर असाव्यात आणि चासीच्या खाली लोंबू नयेत. उसाच्या फडातील खोडक्यांचा तडाखा प्रथम तेथेच बसतो.

नवी बैठक चासीच्या उभ्या पट्टीवर, शक्यतो असलेल्याच भोकांतून बोल्टने बसवावी. चासीच्या वरच्या वा खालच्या आडव्या पाळीस भोक पाडू नये व वेल्डिंग तर करूच नये. ओझ्याचा ताण त्याच पाळ्यांवर अधिक येतो. गाळणी तोंड वर ठेवून खाली लटकत राहील अशी योजना करावी, म्हणजे काढताना तेल सांडत नाही.

सर्वांत घातक चूक नळ्यांची अदलाबदल ही होय. फिरवून बसविण्याच्या गाळणीत कडेच्या भोकांतून मळके तेल आत जाते आणि मधल्या आट्यांच्या भोकातून स्वच्छ तेल बाहेर येते. कडेच्या भोकांवर आतून एक रबरी पडदा असतो. तो तेलास उलट फिरू देत नाही. नळ्या उलट जोडल्या तर हा पडदाच वाट बंद करतो आणि बेअरिंगे कोरडी पडतात. यात फसगत अशी की, दाबमापकाची जोडणी गाळणीच्या अलीकडे असेल तर काटा उत्तम दाब दाखवीत राहतो. यास्तव जोडण्यापूर्वीच दोन्ही नळ्यांच्या दोन्ही टोकांस निरनिराळे रंग लावावेत आणि दाबमापकाची जोडणी कोठे आहे हे मिस्त्रीकडून समक्ष पाहून घ्यावे. जुन्या गाळणीचे रबर बैठकीस चिकटून राहिलेले नाही, हेही पाहावे. दोन रबरे एकावर एक आली तर दाब येताच तेल उसळून बाहेर पडते.

जोडणी झाल्यावर एकदम एंजिन सुरू करू नये. 16 मि. मी. पोकळीच्या नळीत मीटरमागे सुमारे 200 मि. लि. तेल मावते, तेवढे, व गाळणी मोठी घेतली असल्यास तीत मावेल तेवढे, तेल जादा लागते. नळ्यांत स्वच्छ तेल भरून घ्यावे, डिझेल बंद ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद थांबत थांबत फिरवावा आणि दाब दिसू लागल्यावरच एंजिन सुरू करावे. दोन-तीन मिनिटे ते मंद गतीवरच चालू ठेवून प्रत्येक सांध्याखाली कागद धरून पाहावा. नंतर एंजिन बंद करून, तेल खाली उतरल्यावर, पट्टीने पातळी तपासावी. पहिल्या 50 कि. मी. नंतर सर्व सांधे पुन्हा तपासावेत.

एवढा खटाटोप प्रत्येकाने करावा काय? हमीच्या मुदतीतील गाडीस हात लावू नये. भारत स्टेज 6 ची मानके 1 एप्रिल 2020 पासून लागू झाली. त्यानंतरच्या गाड्यांची रचना तर बदलूच नये. वर्षातून एकदाच गाळणी बदलावी लागणाऱ्यासही याची गरज नाही. त्याने गाळणीभोवती प्लॅस्टिकची जाड पिशवी गुंडाळून ती पिशवीतच सैल करावी, आणि नवी बसविताना रबर बैठकीस टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळावी. त्यास पान्याचा जोर लागत नाही. हंगामात धुळीच्या रस्त्यांवर रात्रंदिवस चालणाऱ्या, जुन्या पण धडधाकट गाडीच्या मालकास मात्र हा बदल उपयोगी पडेल. दोन-तीन वर्षांनी नळ्या, वरून चांगल्या दिसल्या तरी, नव्या घालण्याची तयारी त्याने प्रथमपासूनच ठेवावी.

काढलेले तेल व जुनी गाळणी बांधावर वा विहिरीजवळ टाकू नये. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावे.