जास्त गिगाहर्ट्‌झ म्हणजे जास्त वेग?

घरात संगणक घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो प्रोसेसरचा. संगणकातली मुख्य आकडेमोड ज्या चिपमध्ये होते ती चिप म्हणजे प्रोसेसर. दुकानात गेल्यावर पत्रकावरचा एक आकडा आपल्याला दाखवला जातो : इतके गिगाहर्ट्‌झ. ज्याचा आकडा मोठा तो प्रोसेसर वेगवान, असे आपणही समजून चालतो. वडिलांच्या कष्टाचे पैसे खर्च होणार असतात. तेव्हा ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासून पाहिलेले बरे. या लेखात आपण दोन प्रत्यक्ष प्रोसेसर घेऊन ती तपासू या.

दोन भावंडे

लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल. गोळ्याच्या वस्तुमानाचा परिणाम पाहायचा असेल तर दोऱ्याची लांबी बदलायची नाही, हा नियम तेथे आपण पाळतो. तुलना करताना शक्य तितक्या गोष्टी सारख्या ठेवायच्या. प्रोसेसरांच्या बाबतीत अशी संधी क्वचितच मिळते. पण एएमडी या कंपनीच्या एका जोडीने ती दिली आहे.

पहिला प्रोसेसर रायझेन ७ ५८००एक्स. तो नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला. दुसरा रायझेन ७ ५८००एक्स३डी. तो एप्रिल २०२२ मध्ये आला. दोघांची रचना एकाच पिढीची. दोघांतही आठ गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारे आठ विभाग. दोघांची उष्णताविषयक मर्यादा १०५ वॅट. दोघेही एकाच प्रकारच्या मदरबोर्डावर बसतात. इतकेच नव्हे, तर बाजारात येताना दोघांची किंमतही सारखीच, ४४९ डॉलर होती.

फरक मुख्यतः दोन. पहिल्याची कमाल वारंवारता ४.७ गिगाहर्ट्‌झ, तर दुसऱ्याची ४.५ गिगाहर्ट्‌झ. आणि पहिल्याच्या पोटात ३२ मेगाबाइट कॅश स्मृती, तर दुसऱ्याच्या पोटात ९६ मेगाबाइट. आता सांगा, वेगवान कोणता?

ठोका आणि अंतर

प्रोसेसरचे काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. ४.५ गिगाहर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदात ४५० कोटी ठोके. एका ठोक्याला मिळणारा वेळ सुमारे ०.२२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात निर्वातातला प्रकाशदेखील जेमतेम ६.७ सेंटिमीटर जातो! तारेतून जाणारा विद्युत्‌संकेत त्याहूनही मंद. म्हणून संगणकात अंतराला फार महत्त्व आहे. माहिती दूर ठेवलेली असेल तर ती येईपर्यंत अनेक ठोके वाया जातात.

माहिती मुख्यतः कोठे असते? मदरबोर्डावर बसवलेल्या रॅम या मुख्य स्मृतीत. तेथून एखादी संख्या मागवली तर ती हाती यायला सुमारे ७० नॅनोसेकंद लागतात. ७० ला ४.५ ने गुणा. उत्तर येते ३१५. म्हणजे एका संख्येसाठी तीनशेहून अधिक ठोके वाट पाहणे आले. या विलंबात तारेतल्या प्रवासाचा वाटा लहान आहे. रॅममधली ओळ शोधणे, ती वाचणे आणि मध्यस्थ मंडलांतून पाठवणे यांतच बराचसा वेळ जातो.

ही अडचण टाळण्याचा उपाय म्हणजे कॅश. वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळ, लहान पण चपळ स्मृतीत ठेवायची. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका लेखात मांडली होती.

एखाद्या स्वयंपाकघराची कल्पना करा. आचाऱ्याच्या हाताशी मसाल्याचा डबा आहे, मागे फळीवर बरण्या आहेत, पलीकडे कोठीची खोली आहे आणि किराणा दुकान गावात आहे. प्रोसेसरमध्येही कॅशचे असे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा सुमारे ४ ठोक्यांत माहिती देतो, दुसरा सुमारे १२ आणि तिसरा सुमारे ४६ ठोक्यांत. एक ठोका म्हणजे एक सेकंद असे मानले तर डब्यातला जिरा-मोहरीचा चमचा ४ सेकंदांत, फळीवरची बरणी १२ सेकंदांत, कोठीतले तांदूळ पाऊण मिनिटात आणि दुकानातला गूळ सव्वापाच मिनिटांनी मिळतो! आचाऱ्याचा हात कितीही झटपट चालला तरी गुळासाठी तो बसूनच राहणार.

आपल्या दोन प्रोसेसरांत पहिले दोन टप्पे सारखेच आहेत. दुसऱ्याची कोठी मात्र तिप्पट मोठी आहे.

कोठीवर माळा

कोठी मोठी करायची तर जागा हवी. ती आडवी वाढवली असती तर चिपचे क्षेत्रफळ वाढले असते आणि अंतरही वाढले असते. म्हणून अभियंत्यांनी वेगळी युक्ती केली. मूळ चिपच्या मध्यभागी ३२ मेगाबाइट कॅश आहे. तिच्यावर ६४ मेगाबाइटची दुसरी पातळ चिप रचली. दोन्ही चिपांतले तांब्याचे सूक्ष्म ठिपके डाख न देता थेट एकमेकांना जोडले. सिलिकॉनच्या आरपार गेलेल्या उभ्या तारांनी दोन्ही मजले जोडले गेले. नावातल्या '३डी' या अक्षरांचा उगम हा असा आहे. वरच्या मजल्यावर जायला थोडा अधिक वेळ लागतो. पण तो चारएक ठोक्यांचाच.

मग ठोके कमी का करावे लागले? येथे उष्णतेचा प्रश्न येतो. आठ गाभे मध्यभागी नसून दोन्ही बाजूंना असतात. चिपची उंची सर्वत्र सारखी राहावी म्हणून त्यांच्यावरही सिलिकॉनचे साधे तुकडे ठेवावे लागले. त्यामुळे गाभ्यांतली उष्णता वरच्या धातूच्या झाकणापर्यंत पोचण्याच्या वाटेत आणखी एक थर आला. शिवाय या रचनेसाठी विद्युत्‌दाबाची कमाल मर्यादा १.३५ व्होल्ट इतकी खाली ठेवण्यात आली. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात असते. दाब १० टक्क्यांनी उतरवला तर त्याच वारंवारतेला शक्ती १९ टक्क्यांनी कमी होते. पण दाब कमी असला की फार उच्च वारंवारताही गाठता येत नाही. थोडक्यात, कोठी मोठी मिळाली, पण आचाऱ्याचा हात किंचित मंद झाला.

खेळाचा हिशेब

हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? थोडी आकडेमोड करू या. पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, हे ध्यानात ठेवा.

समजा, एका संगणकीय खेळात कोठीकडे आलेल्या १०० मागण्यांपैकी ४० मागण्या लहान कोठीत पुऱ्या होत नाहीत आणि रॅमकडे जावे लागते. कोठीचा वेळ १० नॅनोसेकंद आणि पुढे रॅमचे ७० धरले, तर

पहिल्याचा सरासरी वेळ = १० + ०.४ × ७० = ३८ नॅनोसेकंद.

मोठ्या कोठीमुळे न भागणाऱ्या मागण्या २० वर आल्या आणि वरच्या मजल्यामुळे कोठीचा वेळ ११ झाला, तर

दुसऱ्याचा सरासरी वेळ = ११ + ०.२ × ७० = २५ नॅनोसेकंद.

खेळातले एक चित्र तयार करायला पहिल्याला १० मिलिसेकंद लागतात असे माना. त्यांतले ६ आकडेमोडीचे आणि ४ वाट पाहण्याचे. दुसऱ्याचे ठोके मंद म्हणून ६ चे सुमारे ६.२७ होतील, पण वाट पाहण्याचे ४ घटून २.६३ वर येतील. एकूण ८.९ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला १०० चित्रांऐवजी सुमारे ११२. ठोके कमी असूनही दुसरा पुढे!

कामाचा हिशेब

आता दुसरे काम घ्या. एखाद्या इमारतीच्या आराखड्यावरून संगणकाने त्रिमिती चित्र रंगवायचे आहे. अशा कामात लागणारी माहिती बहुधा लहान तुकड्यांत येते आणि त्या तुकड्यांवर पुष्कळ गणित होते. समजा, पहिल्याला ६० मिनिटे लागतात. त्यांतली ५८ आकडेमोडीची, २ वाट पाहण्याची. कोठीत न मिळणाऱ्या मागण्या येथे दोघांनाही शंभरात दोनच आहेत. तर सरासरी वेळ पहिल्याचा ११.४ आणि दुसऱ्याचा १२.४ नॅनोसेकंद. म्हणून दुसऱ्याला ६०.६ अधिक २.२, म्हणजे जवळजवळ ६३ मिनिटे लागतील. येथे मोठी कोठी रिकामीच राहिली आणि मंद हात मात्र नडला.

प्रत्यक्ष चाचण्यांतही चित्र असेच दिसले. चित्रे रंगवण्यासारख्या कामांत ५८००एक्स काही टक्क्यांनी पुढे राहिला; अनेक खेळांत मात्र ५८००एक्स३डी ने त्याला सहज मागे टाकले. विमान चालवण्याचा आभास देणारा फ्लाइट सिम्युलेटर हे त्याचे ठळक उदाहरण. पण सर्वच खेळांत असे झाले नाही. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह या खेळाला मोठ्या कोठीचा जवळजवळ काहीच लाभ झाला नाही. उलट, 'काम' म्हटले की कॅश निरुपयोगी, असेही नाही. द्रवांच्या प्रवाहाचे गणित करणाऱ्या अभियंत्यांसाठी त्याच कंपनीने मार्च २०२२ मध्ये याच पद्धतीचे, ७६८ मेगाबाइटपर्यंत कॅश असलेले मोठे प्रोसेसर आणले. तेव्हा 'खेळ' की 'काम' हे नाव पाहू नका. त्यात आकडेमोड किती आणि वाट पाहणे किती, ते पाहा.

आणखी एक सावधगिरी. खेळातले चित्र शेवटी ग्राफिक्स कार्ड रंगवते. पडद्यावरच्या बिंदूंची संख्या फार वाढवली की ग्राफिक्स कार्डच दमते, आणि मग प्रोसेसर कोणताही असला तरी चित्रांची संख्या जवळपास सारखीच येते. म्हणून प्रोसेसरांच्या चाचण्या बहुधा कमी बिंदूंवर आणि भारी ग्राफिक्स कार्ड लावून करतात. फरक स्पष्ट दिसावा यासाठी ते योग्यच आहे. पण तुमच्या घरच्या संगणकावर तेवढाच फरक दिसेल असे मानू नका.

पैशाचा हिशेब

मोबदला म्हणजे मिळालेले काम भागिले खर्च. अंश सर्वांना कळतो. चूक होते ती छेदात. समजा, पहिल्याची किंमत २५,००० रुपये आणि दुसऱ्याची ३०,००० रुपये आहे. (हे आकडेही कल्पित.) केवळ प्रोसेसरची किंमत छेदात घेतली तर खेळासाठी दर हजार रुपयांमागे पहिला ४ चित्रे देतो आणि दुसरा ३.७. म्हणजे पहिला चांगला. पण प्रोसेसर एकटा चालत नाही. या दोघांत तर चित्र दाखवणारा भागही अंगभूत नाही. म्हणून ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावेच लागते, आणि गार ठेवणारा पंखाही सोबत मिळत नाही. उरलेल्या सामानाचे ६५,००० रुपये धरा. आता छेद झाले ९०,००० आणि ९५,०००. दर हजारामागे पहिला १.११ चित्रे देतो आणि दुसरा १.१८. निकाल उलटला!

त्रिमिती चित्रे रंगवणाऱ्याला मात्र दुसरा महागही पडेल आणि हळूही. आणि ज्याच्याकडे जुळणारा मदरबोर्ड, रॅम व ग्राफिक्स कार्ड आधीच आहे, त्याला फक्त प्रोसेसरचाच खर्च आहे. त्याने छेदात तेवढाच धरावा. निबंध टंकलिखित करणे, तक्ते मांडणे, प्रोग्रॅम लिहायला शिकणे एवढेच करायचे असेल, तर या दोघांपैकी एकाचीही गरज नाही. याहून पुष्कळ स्वस्त प्रोसेसर ते काम आनंदाने करील आणि वाचलेल्या पैशात चांगला पडदा येईल.

ही जोडी आता जुनी झाली आहे. पुढच्या पिढ्यांत हीच युक्ती वापरली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रायझेन ७ ९८००एक्स३डी मध्ये तर कोठीचा मजला गाभ्यांच्या खाली नेला. उष्णतेची वाट मोकळी झाली आणि वारंवारता ५.२ गिगाहर्ट्‌झपर्यंत नेता आली. नावे आणि आकडे बदलत राहतील. पण विचारायचे प्रश्न तेच राहतील. माझ्या कामात आकडेमोड किती आणि वाट पाहणे किती? आणि मला एकूण खर्च किती येणार?

करून पाहा

१. शाळेच्या विंडोज संगणकावर टास्क मॅनेजर उघडा. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात सीपीयू निवडा. कॅशच्या तिन्ही टप्प्यांचे आकडे वहीत टिपून घ्या. कोणता टप्पा सर्वांत लहान आहे? का?

२. वरच्या खेळाच्या उदाहरणात आकडेमोड ९ आणि वाट पाहणे १ मिलिसेकंद असते, तर दुसऱ्याला एका चित्रासाठी किती वेळ लागला असता? तो पुढे राहिला असता का?

३. ३ गिगाहर्ट्‌झच्या एका ठोक्यात प्रकाश किती अंतर जातो? तेवढ्या लांबीचा दोरा कापा आणि आपल्या तळहातावर धरून पाहा.