दगडावरचे नाव

आपल्या मुलखात जुन्या देवळांजवळ वीरगळ असतात. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. तो खालून वर पाहावा. खाली लढाई असते. मधे अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. वर तो महादेवाची पूजा करतो. अगदी टोकाला चंद्र आणि सूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ.

पण बहुतेक वीरगळांवर नाव नसते. कोणाचा लेक, कोणत्या गावचा, काही कळत नाही. आपण शेंदूर लावतो, हात जोडतो. पण नाव गेले ते गेलेच.

आता एका नाव राहिलेल्या वीराची गोष्ट वाचू.

यशवंत घाडगे

रायगड जिल्ह्यात माणगाव तालुका आहे. तिथल्या पळसगाव आमडोशी या गावी १९२१ साली यशवंत घाडगे जन्मले. पुढे ते मराठा पलटणीत गेले आणि नाईक झाले. नाईकाच्या हाताखाली शिपायांची एक लहान तुकडी असते.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. आपला देश इंग्रजांच्या ताब्यात होता. आपले ५० हजारांवर सैनिक समुद्रापार इटली देशात लढत होते. समोर जर्मन फौज होती.

इटलीत टायबर नावाची नदी आहे. रोम शहर हिच्याच काठी. तिच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी लढाई झाली. घाडग्यांची तुकडी पुढे निघाली. एवढ्यात अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे पडले. कोणी मेले, कोणी जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे.

ते मागे फिरले नाहीत. सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला. मशीनगन बंद पडली, ती चालवणाराही गेला. मग आपल्या बंदुकीने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या. नव्या भरायला सवड कुठली? त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि राहिलेल्या दोघांना तिनेच लोळवले. तेवढ्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या. तिथेच ते पडले. वय अवघे २२ वर्षे.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वांत मोठे पदक मिळाले. इटलीतल्या लढायांत हे पदक २० जणांना मिळाले. त्यांत ६ भारतीय होते. त्या सहांत दोघे मराठा पलटणीचे: यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव.

कबर नाही, नाव आहे

घाडग्यांची कबर कोठे आहे, ते कोणाला ठाऊक नाही. देह परक्या मातीत मिळाला. पण इटलीत कॅसिनो येथे मोठे स्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही, अशांची नावे तिथे कोरली आहेत. त्यांत घाडग्यांचे नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

इटलीत आपले ५,७८२ सैनिक मेले. तिथल्या लोकांनी हे विसरले नाही. लढाई त्यांच्याच शेताशिवारांतून झाली होती. त्या खोऱ्यात माँटोने नावाचे डोंगरावरचे लहान गाव आहे. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे ७९ वर्षांनी, तिथे घाडग्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. ते स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ. सूर्यघड्याळात काट्याची सावली पडते. सूर्य सरकतो तशी सावली सरकते, आणि तिच्यावरून वेळ कळते. त्यावर जुन्या लॅटिन भाषेत लिहिले आहे. अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

पाहा, आपल्या वीरगळावर सूर्य, आणि तिकडच्या स्मारकावरही सूर्यच. माणसाचे मन सगळीकडे सारखे.

आपले काम

आपला जुना पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेला. पाणी फार ओसरले म्हणजे पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. देऊळ दगडाचे, म्हणून टिकले. माणसांच्या आठवणी तशा टिकत नाहीत. म्हातारी माणसे गेली, की त्याही जातात. त्या लिहाव्या लागतात.

आता तुम्हांला अक्षर आले आहे. घरातले, भावकीतले कोणी फौजेत गेले असेल, तर नाव, गाव, साल वहीत लिहून ठेवा. कोणी धरणावर, कारखान्यात, विहिरीच्या कामावर जीव गमावला असेल, तर त्याचेही लिहा. तोही कोणाचा तरी लेक होता.

प्रश्न

१. वीरगळाच्या टोकाला काय असते? का?
२. गोळ्या संपल्यावर घाडग्यांनी काय केले?
३. माँटोनेच्या लोकांनी स्मारक का उभारले असेल?
४. तुमच्या घरातल्या एका गेलेल्या माणसाविषयी चार ओळी लिहा.