पत्र्याच्या घरातील थंडी : स्वस्त व निर्धोक ऊब कशी निवडावी?

नाशिक शहराच्या पश्चिमेस, त्र्यंबक रस्त्यावर वसलेले सातपूर हे मूळचे खेडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर येथे उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीमुळे सातपूरचे रूप पालटले. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. कामगारांच्या वस्तीबरोबर सिमेंटच्या वा लोखंडी पत्र्याची एकखणी-दोनखणी घरेही वाढली. पावसापासून व चोरापासून ही घरे संरक्षण देतात. थंडीपासून मात्र फारसे देत नाहीत. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे नवलाचे नाही. जवळच्या निफाड तालुक्यात तर तो अनेकदा ५ अंशांखालीही जातो.

अशा वेळी बाजारातून हीटर आणावा की शेगडी पेटवावी, असा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. वास्तविक पहिला प्रश्न वेगळाच आहे. घरातील ऊब जाते कोठे, हे आधी समजून घेतले पाहिजे. भोके असलेल्या रांजणात पाणी ओतत राहण्यापेक्षा भोके बुजविणे शहाणपणाचे, हा न्याय येथेही लागू पडतो.

ऊब कोठून निसटते?

तीन मीटर रुंद व चार मीटर लांब अशी एक खोली उदाहरणादाखल घेऊ. तिच्यावर पत्र्याचे छप्पर आहे, दोन भिंती बाहेरच्या बाजूस आहेत आणि पत्रा व भिंत यांमध्ये फटी आहेत. बाहेर १० अंश तापमान असताना आत १८ अंश राखावयाचे आहे. थंड हवामानाच्या प्रदेशांत घरातील तापमान किमान १८ अंश असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केलेली आहे.

या खोलीतून उष्णता स्थूलमानाने पुढीलप्रमाणे बाहेर जाते. छपरातून सुमारे ६२० वॅट, नऊ इंची विटांच्या दोन भिंतींतून सुमारे ३०० वॅट आणि फटींतून वाहणाऱ्या हवेबरोबर सुमारे ३४० वॅट. एकूण १,२६० वॅट. म्हणजे जवळजवळ निम्मी ऊब एकट्या पत्र्यातून जाते. धातूचा पातळ पत्रा उष्णता अडवीत नाही. शिवाय निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता फेकून आणखी गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतील बाजूस दव धरून थेंब पडतात, ते याच कारणाने.

आता पत्र्याखाली चार-सहा इंचांची पोकळी सोडून प्लायवूडचे वा सिमेंट-फायबर बोर्डाचे दुसरे छत बसविले, तर छपरातील गळती सुमारे २४० वॅटपर्यंत खाली येते. येथे काम करते ती बोर्डाइतकीच मधली स्थिर हवा. फटी बुजवून वाऱ्याचा झोत निम्मा केला, तर त्या वाटेने जाणारी ऊब १७० वॅटवर येते. एकूण गळती आता ७१० वॅट उरते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. झोपलेला माणूस स्वतः सुमारे ७५ वॅट उष्णता देत असतो. पाच जणांचे कुटुंब म्हणजे ३७५ वॅट. ही वजा केल्यास मूळ खोलीस ८८५ वॅट बाहेरून पुरवावे लागतात, तर सुधारलेल्या खोलीस केवळ ३३५. रोज दहा तासांचा हिशोब धरला, तर महिन्याची वीज सुमारे २६५ युनिटांवरून १०० युनिटांवर येते. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत असल्याने ही बचत युनिटांच्या प्रमाणाहूनही अधिक भरते.

तथापि फटी बुजविणे म्हणजे खोली हवाबंद करणे नव्हे. खेळत्या हवेसाठी छताजवळील एक झरोका उघडा ठेवलाच पाहिजे.

खोली तापवावी की माणूस?

रात्रभर सारी खोली तापवीत ठेवणे हा सर्वांत महाग मार्ग होय. अंथरुणापुरती ऊब निर्माण करणे फार स्वस्त पडते. दीड लिटर पाण्याची रबरी पिशवी ६० अंशांवरून ३० अंशांवर येईपर्यंत जी उष्णता देते, ती एका युनिटाच्या विसाव्या भागाइतकी असते. परंतु ती थेट शरीरास मिळते. पाणी उकळते नसावे, पिशवी फडक्यात गुंडाळावी आणि तान्ह्या मुलाच्या अंगास ती टेकवू नये.

आपल्याकडील गोधडी व वाकळ यांचे शास्त्र हेच आहे. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि तीच ऊब राखते. शहाबादी फरशीवर झोपणाऱ्यांनी अंगावर आणखी एक पांघरूण घेण्याआधी अंगाखाली चटई व जाड वाकळ घालावी, कारण दगड खालून अंगाची उष्णता सतत ओढून घेतो.

विजेची साधने

तापलेल्या तारेचा, हॅलोजनचा, पंख्याचा किंवा तेल भरलेला अशा सर्व हीटरांत एका युनिटापासून तेवढीच उष्णता मिळते. 'कमी विजेत जास्त ऊब' हा विक्रेत्याचा दावा यांपैकी कोणत्याही साधनास लागू पडत नाही. फरक आहे तो ऊब पोहोचविण्याच्या रीतीत. हॅलोजनची ऊब समोर बसलेल्यास तत्काळ लागते. पंख्याचा हीटर हवा लवकर तापवितो, पण फटी असलेल्या घरात ती हवा तितक्याच लवकर बाहेर जाते. तेलाचा हीटर सावकाश तापतो व सावकाश निवतो. उष्णता देणारे वातानुकूलन यंत्र एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी ऊब देते, परंतु नाशिकच्या दोन महिन्यांच्या थंडीसाठी त्याची किंमत सामान्य कुटुंबास परवडणारी नाही.

दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. तो लहान सॉकेटवर किंवा बारीक वायरीच्या जोडबोर्डवर लावणे म्हणजे आगीस निमंत्रण होय. सोळा अँपिअरचा सॉकेट, चांगले अर्थिंग आणि आयएसआय चिन्ह या तीन गोष्टी पाहूनच हीटर घ्यावा. तो पांघरुणापासून किमान एक मीटर दूर ठेवावा आणि सर्वजण झोपण्यापूर्वी बंद करावा.

शेगडीचा धोका

कोळशाची शेगडी स्वस्त वाटते आणि धूर दिसत नाही म्हणून निर्धोकही वाटते. हा समज जीवघेणा आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूस चिकटते. परिणामी डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते आणि झोपेतच प्राण जातो. शेगडीसाठी खिडकी उघडी ठेवावी तर ऊब जाते, बंद ठेवावी तर जीव जातो. म्हणून झोपण्याच्या खोलीत शेगडी, घमेल्यातील निखारे किंवा घासलेटचा स्टोव्ह ऊब मिळविण्यासाठी मुळीच ठेवू नये. स्वयंपाकाच्या गॅसची शेगडीही या कामासाठी नाही. रात्री एकाच खोलीतील अनेकांचे डोके दुखू लागले, तर सर्वांनी तत्काळ उघड्यावर यावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

खर्चाचा क्रम

थोडक्यात, हाती असलेला पैसा पुढील क्रमाने खर्च करावा. प्रथम फटी बुजवाव्यात व दारास जाड पडदा लावावा. नंतर अंथरूण-पांघरूण सुधारावे. त्यानंतर दुसरे छत बसवावे. थर्मोकोल मात्र वापरू नये, कारण तो झपाट्याने पेट घेतो. या तिन्ही गोष्टी झाल्यावरच, आजारी, वृद्ध किंवा बाळंतीण घरात असल्यास लहान हीटर घ्यावा. दुसऱ्या छतास लागणारा पैसा केवळ थंडीसाठी खर्च होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा तापला म्हणजे तेच छत घर गार ठेवते.

पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील कारवीच्या कुडांच्या घरांनाही हाच क्रम लागू पडतो. शेणमातीचा लेप कुडाच्या फटी बुजवितो, आणि तो दिवाळीनंतर लगेच दिला तर थंडीभर उपयोगी पडतो.

गावपातळीवरील कार्य

घरकुलांची कामे चालू असताना पत्र्याखालील छताचा विचार आराखड्यातच झाला, तर तो नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो. ग्रामपंचायत सदस्यांनी लाभार्थ्यांस हे वेळीच सांगावे. शिक्षकांना वर्गात हा पाठ सहज घेता येईल: एक तापमापक घरातील छपराजवळ व एक अंथरुणाजवळ ठेवून पहाटेच्या नोंदी मुलांकडून करून घ्याव्यात. आणि डिसेंबरपूर्वीच्या ग्रामसभेत, बंद खोलीतील शेगडीचा धोका प्रत्येक घरापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. हिशोबात चूक झाली तर वीजबिल वाढते. शेगडीच्या बाबतीत चूक झाली तर ती सुधारण्याची संधी मिळत नाही.