गुपित न सांगता ओळख

एका तारेच्या दोन टोकांना दोन राउटर जोडले आहेत. तार शाबूत आहे, तरीही निरोप जात नाहीत. असे का व्हावे? एक जण मराठीत आणि दुसरा जपानीत बोलू लागला, तर टेलिफोन उत्तम असूनही संभाषण होत नाही, तसेच हे. दोन्ही टोकांना एकच प्रोटोकॉल, म्हणजे संभाषणाचे नियम, निवडावे लागतात. 'पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल' ऊर्फ पीपीपी हा असाच एक नियमसंच. त्याचे प्रमाण रूप १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

यात दुवा टप्प्याटप्प्याने जुळतो. आधी दोघे अटी ठरवतात. उदाहरणार्थ, एका खेपेस जास्तीत जास्त किती बाइट घ्यायचे (वेगळे न ठरल्यास १५००). मग, हवे असल्यास, ओळख पटवतात. शेवटी आयपी पत्त्यांची बोलणी होतात.

यांतील ओळखीचा टप्पा मोठा मौजेचा आहे. 'पॅप' या पद्धतीत परवलीचा शब्द उघडपणे तारेवरून जातो. कोणी चोरून ऐकले, तर गुपित फुटलेच! 'चॅप' पद्धतीत तो शब्द तारेवर येतच नाही. कसे, ते वर्गात करून पाहा.

तुम्ही व तुमचा मित्र ३७ हा गुप्त अंक ठरवा. मित्राने मोठ्याने ५८ म्हणावे. तुम्ही मनात ३७ × ५८ = २१४६ असा गुणाकार करून फक्त शेवटचे दोन अंक, ४६, सांगा. मित्रही तोच गुणाकार करील आणि तुम्हाला ओळखील. पुढच्या वेळी प्रश्नाचा अंक वेगळा असल्याने जुने उत्तर चोरून उपयोग नाही.

चॅपमध्ये गुणाकाराऐवजी एमडी-५ नावाची क्रिया वापरतात. तिचे उत्तर १२८ बिटांचे असते आणि उत्तरावरून उलट जाऊन गुपित काढणे फार कठीण असते. मात्र गुपित सोपा शब्द असेल, तर चोर एकेक शब्द लावून पाहू शकतो! म्हणून राउटरमध्ये समोरच्याचे नाव आणि सामायिक गुपित नोंदवताना गुपित लांब व अवघड निवडावे. ते दोन्हीकडे अक्षरशः सारखे हवे. एक अक्षर चुकले, तरी दुवा जुळत नाही.

आता तुम्ही चोर व्हा! ५८ आणि ४६ ऐकून दोन अंकी गुपिताच्या किती शक्यता उरतात? पुढचा प्रश्न २३ आणि उत्तर ५१ ऐकल्यावर किती? कागद-पेन्सिल घ्या आणि शोधा. आपला गुणाकार खऱ्या दुव्याला का पुरत नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल.