रात्री न उतरणारं बीपी

बीपीच्या तीन-तीन गोळ्या चालू आहेत, लोणचं-पापड बंद झालंय, सकाळचं चालणंही सहसा चुकत नाही, आणि तरी वरचा आकडा १५०च्या खाली यायला तयार नाही. अशा पेशंटची फाइल जाडजूड असते. ईसीजी असतो, टू-डी इको असतो, कोलेस्टेरॉलचे चार-पाच वर्षांचे रिपोर्ट असतात. झोपेबद्दल मात्र त्यात एक ओळही नसते. पेशंट सांगत नाही, कारण झोप ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं त्याला वाटत नाही. आणि बाहेर वीस जण ताटकळत बसलेले असताना आम्ही डॉक्टरही विचारत नाही. हे बदलायला हवं, म्हणून आज हा विषय.

आपलं हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं. त्याला सुट्टी नाही. मिळतो तो फक्त थोडा उसंतीचा काळ, आणि तो झोपेत मिळतो. गाढ झोपेत नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरतो. चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र लावलं की हे डोळ्यांनी दिसतं. दंडाला पट्टा, कमरेला छोटी डबी. पट्टा ठरावीक वेळाने आपोआप फुगतो आणि मोजमाप घेतो. दुसऱ्या दिवशी आलेख काढला की रात्री अकरा-बारानंतर रेषा खाली उतरलेली दिसली पाहिजे. काहींची ती उतरतच नाही, सपाट राहते. काहींची तर रात्री चढलेली असते. यातल्या काही जणांचं बीपी दुपारी दवाखान्यात अगदी व्यवस्थित भरतं, म्हणून तेही निर्धास्त असतात आणि त्यांचे डॉक्टरही. पण हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा अंदाज दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा रात्रीच्या आकड्यावरून जास्त नेमका येतो, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे.

झोप कमी पडली की शरीर धोक्याच्या तयारीत राहतं. अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं ओसरायला हवीत ती ओसरत नाहीत. रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि त्यामुळे वाहिनी सैल राहते. अपुऱ्या झोपेत या अस्तराचं काम बिघडतं. अंगात बारीक दाह धुमसत राहतो, आणि वाहिनीत चरबीचे थर साचायला तो हातभार लावतो. साखरेचंही तसंच. शिकागोमध्ये ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने ११ धडधाकट तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एवढ्या थोड्या दिवसांत त्या तरुणांची साखर हाताळण्याची क्षमता मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी झालेली दिसली.

स्वीडनमध्ये दर वसंत ऋतूत घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे त्या रात्री लोकांची झोप कापली जाते. तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्यानंतरच्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढतं. अमेरिकेतल्या सत्तर हजारांहून अधिक परिचारिकांच्या दहा वर्षांच्या पाहणीत, पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा धोका आठ तास झोपणाऱ्यांपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त आढळला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे मान्य. पण प्रयोग आणि पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ते गंभीरपणे घ्यायला हवं. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२२ मध्ये आहार, व्यायाम, तंबाखू, वजन, कोलेस्टेरॉल, साखर आणि रक्तदाब या सात बाबींच्या जोडीला आठवी बाब म्हणून झोप घेतली. प्रौढांसाठी सात ते नऊ तास.

तास पुरेसे असूनही ज्यांचं हृदय रात्रभर राबतं, अशी एक मोठी मंडळी आहे: घोरणारी. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असा पक्का समज आहे. ‘पडल्या पडल्या घोरायला लागतात, नशीबवान आहेत!’ असं घरचे कौतुकाने सांगतात. त्यांना माझी विनंती आहे की एका रात्री जागून नीट ऐका. आवाज चढत जातो, चढत जातो, आणि एकाएकी थांबतो. छाती-पोट हलतंय, पण नाकातोंडातून हवा जात नाही. दहा सेकंद, वीस, कधी तीस-चाळीस. मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज, कुशीवर वळणं, आणि घोरणं पुन्हा सुरू. घशामागचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, त्याचा हा प्रकार. याला आम्ही स्लीप अ‍ॅप्निया म्हणतो. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, अ‍ॅड्रिनलिन उसळतं आणि बीपी वर जातं. ताशी तीस किंवा अधिक वेळा असं होत असेल तर आजार गंभीर. सकाळी त्या माणसाला यातलं काही म्हणजे काही आठवत नसतं.

आठवत नसलं तरी खुणा असतात. उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, आठ तास झोपूनही दुपारी पेंग. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं, आणि पुरुष त्याचं खापर प्रोस्टेटवर फोडून मोकळे होतात. वास्तविक श्वास अडला की छातीतला ताण हृदयाच्या कप्प्यांना ओढतो, त्यातून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड जास्त लघवी तयार करतं. तेच कप्पे वर्षानुवर्षं ताणले गेले की हृदयाची लय बिघडू शकते, गुठळी होऊन पक्षाघातही होऊ शकतो. पुरुषाच्या गळ्याचा घेर १६ इंचांच्या वर असेल तर संशय जास्त; पण जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्येही तो वाढतो. त्यांची तक्रार मात्र थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशी असते, आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिकवर भागवलं जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

तपासणी अवघड नाही. बोटाला, छातीला आणि नाकाशी सेन्सर लावून रात्रभर नोंद घ्यायची. बऱ्याच जणांची ती घरीही होते. उपचारात वजन घटवणं, कुशीवर झोपणं, दारू बंद करणं, आणि गरज असेल तर सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगासमोर आणलं. त्याने पेंग जाते, बीपी थोडं उतरतं. हार्ट अटॅक टळतो का? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. मात्र त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही वापरलं नव्हतं. त्यामुळे मी सांगतो की यंत्र घेतलंत तर रात्रभर लावा, आणि बीपीच्या गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका.

आता ज्यांची झोप परिस्थितीनेच हिरावली आहे त्यांच्याबद्दल. पंपाला वीज रात्री मिळते म्हणून शेतकरी मध्यरात्री दारं धरायला जातो. नळाला पहाटे पाणी येतं म्हणून बाई चारला उठते, आणि पहिली लोकल गाठणाऱ्याचा डबाही तीच करते. त्यांना ‘लवकर झोपा’ एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही. घरातल्यांनी पाणी भरण्याच्या पाळ्या लावाव्यात. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी अंधाऱ्या खोलीत सलग झोपू द्यावं, निरोप आणि कामं दुपारनंतर. झोप तुटलीच तर दुपारची वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी जरूर घ्या. चहाचा अंमल बराच वेळ राहतो, अर्ध्याहून अधिक कॅफीन चार तासांनीही अंगात असू शकतं. म्हणून शेवटचा कप चारच्या सुमाराला.

झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. श्वास अडण्याचा आजार असेल तर ती घसा आणखी सैल करते. बीपीच्या गोळ्यांपैकी एखादी लघवी वाढवणारी असेल आणि तुम्ही ती रात्री घेत असाल, तर सकाळी घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

पुढच्या वेळी बीपी दाखवायला जाल तेव्हा शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या, किंवा घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. रात्री कितीदा उठता, दुपारी पेंग येते का, हेही सांगा. आणि रिक्षा, ट्रक, एसटी किंवा स्वतःची गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत स्टीअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या.