सुतारकामाचा छंद व पहिलीं हत्यारें

सुट्टी लागली म्हणजे कांहीं पालक मोठ्या हौसेनें मुलासाठीं सुतारी हत्यारांची पेटी विकत आणतात. पेटींत वीसपंचवीस जिन्नस असतात, त्यांचीं पातीं चकाकत असतात, आणि किंमतहि बेताचीच असते. परंतु त्यांतल्या पटाशीस धार नसते, करवत लाकडांत अडकते, व गुण्या काटकोनांत नसतो. मुलगा चार दिवस झटतो. लाकूड वांकडें कापलें जातें, सांधा बसत नाहीं, आणि शेवटीं ‘हें काम आपल्या हातून व्हावयाचें नाहीं’ असा निर्णय तो स्वतःविषयीं करून बसतो. दोष हत्याराचा, पण शिक्षा मुलाच्या आत्मविश्वासास! म्हणून पहिलीं हत्यारें कशीं निवडावीं हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

या प्रश्नाचा विचार शिक्षणशास्त्रज्ञांनीं पूर्वींच केलेला आहे. फिनलंड देशांतील ऊनो सिग्नेउस या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नानें तेथील १८६६ च्या शाळाविषयक कायद्यांत हस्तकौशल्यास स्थान मिळालें. पुढें स्वीडनमध्यें ओटो सालोमन (१८४९–१९०७) यानें नेस येथें शिक्षकांसाठीं विद्यालय चालवून ‘स्लॉइड’ नांवाची पद्धति पूर्णत्वास नेली. त्याचा हेतु मुलांस सुतार बनविण्याचा नव्हता. हात, डोळा व मन यांस एकत्र शिस्त लावावी, हा होता. त्याच्या पद्धतींत मूल प्रथम साधा चाकू हातीं घेई, कारण तो त्याच्या ओळखीचा असे. त्यानंतर एकेक वस्तु करतांना जसजशी गरज पडे, तसतसें नवें हत्यार हातीं येई. आणि केलेली प्रत्येक वस्तु घरांत उपयोगी पडेल अशीच असे. आपल्याकडे १९३७ सालीं वर्धा येथें महात्मा गांधींनीं जी शिक्षणयोजना मांडली, तिच्याहि मुळाशीं हातांच्या कामांतून बुद्धीस वळण लावावें हाच विचार होता.

यावरून आपणांस पहिला नियम मिळतो तो हा: वस्तु आधीं ठरवावी, हत्यार मागाहून घ्यावें. आपण दोन साध्या वस्तु मनांत धरूं: भांडें ठेवण्याची फुलीची अडणी, आणि बसावयाचा पाट. या दोन वस्तूंस जेवढीं हत्यारें लागतात, तेवढ्यांवर पुष्कळ काम भागतें.

अडणीसाठीं नऊ इंच लांब, दोन इंच रुंद व एक इंच जाड असे रंधलेले दोन तुकडे एकाद्या सुताराकडून मागून घ्यावे. प्रत्येकाच्या मध्यभागीं दोन इंच रुंद व अर्धा इंच, म्हणजे चार सूत, खोल अशी खांच पाडावी आणि एक तुकडा दुसऱ्यांत आडवा बसवावा. एवढ्यासाठीं पुढील हत्यारें लागतात.

पहिलें, फूटपट्टी, पेन्सिल व गुण्या. सुताराचें निम्में काम आंखण्यांत असतें. गुण्या विकत घेतांना दुकानांतच त्याची परीक्षा घ्यावी. सरळ कडेच्या फळीस तो टेकवून एक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर तो खोटा. आणि दिसणारें अंतर हें खऱ्या चुकीच्या दुप्पट असतें. हाच न्याय इतर गोष्टींसहि लागू आहे: माप खोटें असेल तर पुढील सर्व मेहनत व्यर्थ होय.

दुसरें, करवत. करवतीचे दांते एकाआड एक डाव्या-उजव्या अंगास किंचित् वांकविलेले असतात. त्यामुळें पडणारी चीर पात्याच्या जाडीहून थोडी रुंद होते व पातें अडकत नाहीं. रेषेच्या दिशेनें लाकूड उभें फाडावयाच्या करवतीचे दांते बारीक पटाशीसारखे असतात, तर आडवें कापण्याच्या करवतीचे दांते चाकूच्या टोंकासारखे असतात. आरंभीं पाठीस लोखंडी अथवा पितळी पट्टी बसविलेली, इंचास बारा ते चौदा बारीक दांते असलेली लहान करवत घ्यावी. ती वांकत नाहीं व सांधा स्वच्छ कापते. जपानी करवत ओढतांना कापते, म्हणून तिचें पातें फार पातळ ठेवतां येतें. तीहि नवशिक्यास सोईची आहे. मात्र तिचे नाजुक दांते घरीं कानशीनें उजळणें कठीण पडतें.

तिसरें, पटाशी व मोगरी. पांचसहा पटाश्यांचा संच घेऊं नये. एक अर्ध्या इंचाची व एक पाऊण इंचाची अशा दोन उत्तम पोलादी पटाश्या पुरेत. बारीक कामास पुढें पाव इंचाची, म्हणजे दोन सुतांची, घेतां येईल. पटाशीस लोखंडी हातोड्यानें ठोकल्यास तिची मूठ फुटते, यास्तव लाकडी मोगरी वापरावी.

चौथें, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें, धार लावण्याचा दगड. पटाशी घेतली आणि दगड घेतला नाहीं, तर दौत न घेतां टांक घेतल्यासारखें होईल. दुकानांतून येणारी पटाशी बहुधा कामास तयार नसते. एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक असा दुतोंडी दगड घ्यावा. प्रथम पटाशीची सपाट पाठ दगडावर पूर्ण टेकवून घांसावी. मग उतरती बाजू सुमारें पंचवीस अंशांच्या कोनांत घांसावी, व अगदीं शेवटीं हात किंचित् उचलून तीस अंशांवर बारीक बाजूनें चारदोन वेळां ओढावी. पाठीकडे बोटास बारीक कोर लागूं लागली म्हणजे धार कांठापर्यंत पोंचली असें समजावें. ती कोर पाठ टेकवून घांसून काढून टाकावी. देवदाराच्या किंवा दुसऱ्या एकाद्या मऊ लाकडाच्या टोंकावर चालवून पाहावी. तें न चिरडतां गुळगुळीत कापलें गेलें, तर धार खरी. बोथट हत्यारास जोर अधिक लागतो, आणि जोर लावलेलें हत्यार निसटतें. म्हणून धारेपेक्षां बोथटपणाच अधिक घातक आहे. तरीहि एक नियम कधीं मोडूं नये: दोन्ही हात नेहमीं धारेच्या मागें असावेत, पुढें कधींहि नसावेत. लाकूड हातानें धरण्याऐवजीं शेगड्यांत किंवा मेजास क्लॅम्प लावून आवळावें.

अडणी साधली म्हणजे मग पाटाकडे वळावें. त्यासाठीं फळी व तिच्या खालीं दोन आडव्या पट्ट्या लागतात. आणि तीन हत्यारें वाढतात: रंधा, हातोडा, व भोंक पाडण्यासाठीं सामता अथवा हातानें फिरवावयाचा ड्रिल. रंधा लाकडी असो वा लोखंडी, त्याचा तळ सपाट असला पाहिजे. साध्या रंध्याचें पातें पंचेचाळीस अंशांवर बसविलेलें असतें. आरंभीं तें अगदीं थोडेंच बाहेर काढावें. कागदासारखा पातळ छिलका निघाला तर रंधा ठीक लागला. लाकूड उचकटूं लागलें तर फळी फिरवून उलट दिशेनें रंधावी. खिळा ठोकण्यापूर्वीं त्याहून बारीक भोंक पाडावें, म्हणजे पट्टी चिरत नाहीं.

येथें लाकडाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. लाकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. पण हा फरक रुंदीच्या दिशेनें होतो, लांबीच्या दिशेनें जवळजवळ होतच नाहीं. म्हणून ओल्या फळीचा पाट पुढें वांकतो किंवा चिरतो. फळी चांगली मुरलेली घ्यावी. सागवान टिकाऊ व कामास सुबक खरें, परंतु त्यांत वाळूच्या जातीचा सूक्ष्म अंश असतो, त्यामुळें धार लौकर जाते. आंब्याचें किंवा शिवणीचें लाकूड शिकण्यास बरें. बाभूळ मात्र नवशिक्याच्या मनगटाचा अंत पाहते.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा मोह आरंभीं आवरावा. यंत्र जलद कापतें, पण चूकहि तितक्याच जलद करतें. लाकडाची रेषा कोणीकडे धांवते, हें हातास एकदां कळलें म्हणजे पुढें यंत्रहि शहाणपणानें वापरतां येतें.

पालकांस एक विनंति आहे. आपल्या समाजांत लेखणीचें काम थोर व वाकसाचें काम हलकें, अशी समजूत फार खोलवर रुजली आहे. गांवचा नांगर, पाभर आणि गाडी ज्या सुतारानें घडविली, त्याच्या हातांतील विद्येस आपण विद्या म्हणावयास कचरलों. परंतु ज्या प्रभूस आपण भजतों तो नासरेथ गांवीं सुतार म्हणून ओळखला जात होता, हें मार्काच्या शुभवर्तमानांत नमूद आहे. तेव्हां आपल्या मुलानें, आणि मुलीनेंहि, हत्यार हातीं धरलें तर त्यांत कमीपणा कोठला? शक्य असल्यास त्यांस एकाद्या वृद्ध मेस्त्रींकडे घेऊन जावें, आणि ‘मेस्त्री, आमच्या मुलास धार लावावयास शिकवाल काय?’ असें आदरानें विचारावें. पुस्तकांत नसलेल्या दहा गोष्टी तेथें अर्ध्या तासांत कळतील. आणि ज्याच्या हातीं कसब आहे तो गुरु होय, हेंहि मुलास न सांगतां कळेल.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेच्या कागदावरील चूक कधीं कधीं परीक्षकाच्या नजरेंतून सुटते. सांध्यांतली फट मात्र कोणाच्याहि नजरेंतून सुटत नाहीं, आणि ती आपणांस खोटें बोलूं देत नाहीं. हेंच या छंदाचें मोठें शिक्षण आहे. तुमची पहिली अडणी बहुधा डुगडुगेल. ती टाकून देऊं नका. तिच्याखालीं दिसणारी फट मोजा, तेवढा पाय घांसा, आणि दुसरी करावयास घ्या. घरांत आईनें तिच्यावर गरम भांडें ठेवलें, म्हणजे तुमचीं हत्यारें योग्य निवडलीं गेलीं होतीं असें खुशाल समजा.