कूस बदलताच येणारी घेरी

प्रश्न : उजव्या कुशीवर वळताच घर गरगर फिरते, मिनिटभरात थांबते. गोळ्यांनी गुण नाही. इलाज काय?

उत्तर : अंतःकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक स्वस्थान सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत उतरले, की बहुधा अशी घेरी येते, तेथे गोळ्यांची मात्रा चालत नाही, हे ओघानेच आले. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या, हे स्फटिक स्वस्थानी परत नेण्याच्या पद्धतीत मान बाधित कानाकडे ४५ अंश वळवून रुग्णास उताणे निजवितात, डोके किंचित मागे लोंबते ठेवून बुबुळांची थरथर शमेपर्यंत थांबतात, आणि मग मान व पाठोपाठ सारे अंग विरुद्ध बाजूस फिरवून त्यास उठवून बसवितात. मानेच्या मणक्यांची तक्रार असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे. बोलणे अडखळल्यास वा दुहेरी दिसल्यास मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे.